पाठवण्याआधीचं पान

छापखान्यात त्यांना सगळे प्रूफबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते पगारपत्रक त्यांच्याशिवाय कुणी धड वाचत नसल्यामुळे नाव तिथेच राहून गेलं. चौतीस वर्षं एकाच खिडकीशी, एकाच खुर्चीत बसून बाईंनी औषधांची वेष्टणं, शाळांचे अहवाल, निमंत्रणपत्रिका, परीक्षेचे पेपर, जे जे म्हणून छापलं जातं ते ते छापण्याआधी वाचलं. छापून झाल्यावर वाचणारे आणि नावं ठेवणारे जगात पैशाला पासरी मिळतात. आधी वाचणाऱ्या त्या एकट्या.

एकदा खोकल्याच्या औषधाच्या वेष्टणावर 'खोकल्यावर हमखास अपाय' असं जाता जाता राहिलं. मालक म्हणाले, "एका अक्षराचं काय एवढं?" बाई म्हणाल्या, "अक्षर एकच आहे, बाटल्या चाळीस हजार आहेत." दुसऱ्या एका वेळी सत्काराच्या पत्रिकेत सत्कारमूर्तीच्या नावामागे 'श्री.'ऐवजी 'कै.' लागलं होतं. बाईंनी ते पकडलं, तेव्हा ते गृहस्थ स्वतः जिने चढून आभार मानायला आले. जिने चढून आले, यातच सगळं आलं.

घरी मात्र उलटा कारभार. बाईंचे यजमान घड्याळजी. डोळ्याला भिंग लावलं की तिळाएवढा स्क्रू त्यांना भोपळ्याएवढा दिसे, पण कागद समोर आला की ते एकच प्रश्न विचारत, "सही कुठे करू?" लग्नाच्या नोंदणीतसुद्धा त्यांनी नवरदेवाच्या रकान्याऐवजी साक्षीदाराच्या रकान्यात सही ठोकली होती. बाई अजून म्हणत, "कायद्याने पाहिलं तर तुम्ही माझ्या लग्नाला फक्त हजर होतात."

या घड्याळजींचा धाकटा भाऊ, म्हणजे बाईंचा दीर, फरशा, नळ आणि कमोड यांच्या दुकानाचा मालक. माणूस दिलदार, पण बोलायला लागला की दुकानातला सगळ्यात मोठा नळ उघडा राहिल्यासारखं वाटे. दोन वर्षांपूर्वी त्याला क्रिप्टोचा, म्हणजे फोनवरच्या आभासी नाण्यांचा, नाद लागला. नाद लागला की एकट्याने करायचा हा त्याचा स्वभावच नव्हे. दर रविवारी दुपारी चार वाजता दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं आणि आत मंडळ भरायचं. खुर्च्या दोनच असल्यामुळे सभासद प्रदर्शनात मांडलेल्या कमोडांवर, झाकणं खाली पाडून, बसत. दंतवैद्यांनी आवाज न करता मिटणाऱ्या झाकणाची जागा धरली होती. निवृत्त मुख्याध्यापक भिंतीला लटकवलेल्या, जरा उंच कमोडावर बसत. तिथून सगळ्या वर्गावर नजर राहते, असं त्यांचं म्हणणं.

मंडळाचा मंत्र एकच होता, आणि तो दिराने दिलेला. "वाचत बसणारा मागे राहतो!" हे वाक्य आलं की मुख्याध्यापक सगळ्यात आधी मान डोलवत. 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' हे वाक्य फळ्यावर लिहिण्यात याच गृहस्थांची तीस वर्षं गेली होती.

पुढे घड्याळजींनी दुकान आवरलं. हल्ली लोक वेळ फोनमध्ये बघतात, त्याला भिंग काय करणार? दुकानाचे पैसे हातात आले आणि त्यांच्या पायाला भिंगरी लागली. मंडळात जायचं, असं त्यांनी घरात जाहीर केलं. बाईंनी आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाल्या, "जा. पण काहीही पाठवण्याआधी मला दाखवायचं. आधी मी वाचणार, मग तुम्ही दाबणार."

"त्यात वाचण्यासारखं काय असतं? बटण असतं."

"बटणाच्या वर काय असतं?"

घड्याळजींना माहीत नव्हतं. बाईंनी फोन हातात घेतला आणि त्यांचे डोळे चमकले. पैसे ठेवायच्या त्या अ‍ॅपला पाकीट म्हणतात. त्या पाकिटातून काही पाठवायला गेलं की ते आधी एक पान उघडून दाखवत असे. त्याला म्हणायचं प्रीव्ह्यू. तुमच्याकडून काय जाणार, कुणाच्या पत्त्यावर जाणार, तुमच्याकडे काय येणार, समोरच्याला कसली परवानगी मिळणार, सगळं तिथे लिहिलेलं. आणि खाली तंबी : एकदा पाठवलं की परत येणार नाही.

"अहो, हे तर प्रूफ आहे!" बाई म्हणाल्या. "छापण्याआधी एकदा बघून घ्या म्हणतायत बिचारे. आणि तुम्ही सगळे न बघता छापत सुटलात?"

पाकीट आपल्या भाषेतही चालत होतं, पण ती भाषा ज्याने घडवली त्याचे आणि व्याकरणाचे संबंध बिघडलेले असावेत. 'परवानगी'तली दुसरी वेलांटी सरळ पहिली झाली होती. बाईंनी त्या दिवशी पाकिटाच्या कंपनीला चौदा चुकांची यादी पाठवली. कंपनीचं उत्तर आलं, त्यात सहा नव्या चुका होत्या.

पहिला प्रसंग महिन्याभरातच आला. घड्याळजींना आपली थोडी नाणी दुसऱ्या पाकिटात हलवायची होती. पत्ता म्हणजे बेचाळीस अक्षरं-आकड्यांची आगगाडी. ती कोण लिहीत बसणार? दिराने शिकवलं होतं, मागच्या व्यवहारांची यादी उघडायची, सगळ्यात वरचा पत्ता उचलायचा, सुरुवातीची चार आणि शेवटची चार अक्षरं जुळली की पाठवायचं. घड्याळजींनी तसंच केलं आणि कराराप्रमाणे फोन बाईंपुढे धरला. बाईंनी वहीत उतरवून ठेवलेला खरा पत्ता काढला आणि बोट ठेवून, एकेक अक्षर मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"अगं, पुढचं-मागचं जुळतंय ना?"

"पुढचं-मागचं जुळायला ती काय चादर आहे? मधलंही बघावं लागतं."

अकराव्या अक्षराला बाई थांबल्या. वहीत सात होता, फोनवर नऊ. तिथून शेवटच्या चार अक्षरांपर्यंत काहीच जुळेना. हा पत्ता भलत्याचाच होता. कुणीतरी भामट्याने मुद्दाम तोंड आणि शेपूट सारखं असलेला पत्ता बनवून, घड्याळजींच्या पाकिटात कवडीमोलाचं काहीतरी पाठवून, स्वतःला यादीत सगळ्यात वर बसवलं होतं. उतावळा माणूस तोच पत्ता उचलणार, हे त्याला पक्कं ठाऊक.

रविवारी घड्याळजींनी ही हकीकत मंडळात सांगितली. मग दीर हसून म्हणाला, "वहिनींची नजर म्हणजे नजर! पण दादा, बेचाळीस अक्षरं वाचेपर्यंत बाजार कुठल्या कुठे जातो." सगळे हसले. दंतवैद्य तर इतके हसले की झाकण प्रथमच आवाज करून हललं.

त्यानंतर काही आठवड्यांनी तो रविवार उगवला. दिराने तीन दिवस आधीपासून सगळ्यांना निरोप धाडले होते. कुठलंसं नवं नाणं जुन्या पाकीटधारकांना फुकट वाटणार होते, आणि वाटप दहा मिनिटंच चालणार होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी सगळी मंडळी साडेतीनलाच येऊन कमोडांवर फोन सरसावून बसली. बाई त्या दिवशी मुद्दाम सोबत आल्या. त्यांना दिराने गिऱ्हाइकाची गुबगुबीत खुर्ची दिली.

चारला पान उघडलं. पानावर मोठ्या लाल आकड्यांत उलट्या मिनिटांचं घड्याळ. बाईंनी मजकूर वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. एकही चूक नव्हती. वेलांट्या जागच्या जागी, स्वल्पविराम जिथल्या तिथे. चौतीस वर्षांत पहिल्या झटक्यात इतका स्वच्छ मजकूर त्यांना कुणीच आणून दिला नव्हता. खऱ्या पाकिटात चुका आणि फुकट वाटणाऱ्याकडे शुद्धलेखन! म्हणजे वेलांट्यांवरून इथे खरं-खोटं ठरणार नव्हतं. अर्थच बघायला हवा होता.

घड्याळजींनी 'मिळवा' हे बटण दाबलं. पाकिटाने सवयीने आपलं प्रीव्ह्यूचं पान पुढे केलं. बाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मोठ्याने म्हणाल्या, "भावोजी, जरा थांबा. इथे लिहिलंय, परवानगी : या पाकिटातलं सगळं, अमर्याद, समोरच्याने केव्हाही न्यावं. आणि तुमच्याकडे येणार या रकान्यात लिहिलंय, काही नाही."

"वहिनी, ती यंत्राची भाषा असते. शब्दशः नसते घ्यायची," दीर म्हणाला.

"अहो बाई, तांत्रिक मजकूर आहे तो," मुख्याध्यापक उंचावरून म्हणाले. "प्रत्येक ठिकाणी असतो. आजवर कुणी वाचलाय का?"

"'काही नाही' यात तांत्रिक काय आहे, सर?"

सर अंगठ्याला पोझिशन देत होते. बाईंनी वाद वाढवला नाही. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "मी नाही म्हणत नाही. पैसे तुमच्या दुकानाचे आहेत. फक्त ही एक ओळ तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा. मग दाबा."

घड्याळजींनी खिशातून भिंग काढलं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी लिहिलेल्या मजकुराला भिंग लावलं. दुसरीतल्या मुलासारखं त्यांनी वाचलं, "तुमच्याकडे... येणार... काही नाही." मग मान वर केली. "अगं, काही नाही म्हणतंय."

"हो ना."

"मग मी दाबायचं कशाला?"

"घड्याळजी, सात मिनिटं उरली!" मुख्याध्यापक ओरडले.

सात म्हटल्याबरोबर घड्याळजींच्यातला कारागीर जागा झाला. लाल आकड्यांकडे बघत ते म्हणाले, "मघाशी सहा होती. सहाची सात कशी झाली? हे घड्याळ मागे जातंय. असं घड्याळ दुरुस्तीला आलं असतं तर मी हातात धरलं नसतं." आणि त्यांनी फोन बंद करून खिशात घातला.

बाकीच्यांनी दाबलं. दंतवैद्यांनी दाबलं, मुख्याध्यापकांनी दोनदा दाबलं, न जाणो, एकदा पोचलं नाही तर. दिराने सगळ्यात आधी दाबलं होतं. दोन मिनिटं दुकानात एक नळ ठिबकत असल्याचा आवाज तेवढा येत होता. मग दंतवैद्य म्हणाले, "माझं पाकीट रिकामं दाखवतंय." थोड्या वेळाने मुख्याध्यापक म्हणाले, "नेटवर्क स्लो असेल." नेटवर्क उत्तम होतं. इतकं उत्तम होतं, की सगळ्यांची नाणी एका झपाट्यात दूर देशी पोचलीसुद्धा.

यानंतर चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची पाळी आली. मुख्याध्यापकांनी निष्कर्ष काढला की बाईंनी मध्येच वाचून दाखवल्यामुळे उशीर झाला; वेळेत दाबलं असतं तर नाणं मिळालंही असतं. दंतवैद्य जरा समजूतदार. ते दुसऱ्या दिवशी छापखान्यात आले आणि अदबीने म्हणाले, "बाई, तुमच्या धंद्यात चूक छापली गेली तर शुद्धिपत्र काढतात. यात तसं काही..."

"नाही हो, डॉक्टर," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं. "यात शुद्धिपत्र नसतं. म्हणून तर आधीचं पान असतं."

बैल गेला आणि झोपा केला, या न्यायाने मंडळाने आता नियमावली करायची ठरवली. मुख्याध्यापकांनी आठ कलमं लिहिली. पहिलंच होतं : 'प्रत्येक सभासदाने कोणत्याही मजकुरास मान्यता देण्यापूर्वी तो संपूर्ण वाचावा.' छपाई बाईंच्याच छापखान्यात आली. बाईंनी प्रूफ तपासलं, आणि मोह न आवरून तळाशी नववं कलम घातलं. प्रूफ मुख्याध्यापकांकडे तीन दिवस राहिलं आणि 'मान्य' असा शेरा घेऊन परत आलं. छापलेल्या प्रतींवर सगळ्यांनी सह्या केल्या. मग रविवारी बाईंनी उभं राहून नववं कलम वाचून दाखवलं : "सर्व सभासद येत्या रविवारी घड्याळजींच्या राहत्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी आतून घासून धुतील."

"हे कुणी घातलं?" मुख्याध्यापक लाल झाले.

"मी. प्रूफ तुमच्याकडे होतं, सर."

"ही फसवणूक आहे!"

"आहे ना," बाई म्हणाल्या. "कशी वाटली?"

मुख्याध्यापक रागाने उठले ते तडक घरी गेले. दंतवैद्य हसले, पण कंबर दुखते म्हणाले. दीर काहीच बोलला नाही. एरवी ज्याच्या तोंडाला खीळ नाही तो माणूस गप्प बसलाय, हे बाईंना जरा खटकलं.

पुढच्या रविवारी सकाळी बाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या, तर टाकीतून खरखर आवाज. झाकण उघडं होतं. आत वाकून पाहिलं तर दीर, पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात ब्रश घेऊन भिंत घासतोय.

"भावोजी! अहो, ती गंमत होती!"

"असू दे, वहिनी. सही केली होती." त्याचा आवाज टाकीत घुमला. "वाचलं नव्हतं. पण केली होती."

"नुकसानीचं मनाला लावून घेतलंय का?"

ब्रश थांबला. मग तो म्हणाला, "वहिनी, मला वाचता येतं. नाही असं नाही. पण अक्षरं माझ्यापुढे उभी राहत नाहीत. सरकतात. एक ओळ वाचायची तर खालच्या दोन ओळी मध्ये येतात. शाळेत पाठ करून निभावलं. दुकानात माल डब्यांच्या रंगावरून ओळखतो. बेचाळीस अक्षरांचा पत्ता मला दाखवला ना, तर मला नुसत्या मुंग्या दिसतात."

बाई झाकणाच्या काठावर बसल्या. हॉटेलात गेल्यावर हा नेहमी "तुम्ही घ्याल तेच मला" म्हणायचा. मुलीचं प्रगतिपुस्तक आलं की बायकोपुढे धरून म्हणायचा, "तूच वाच, मी ऐकतो." वीस वर्षं हे सगळं बाईंच्या डोळ्यांसमोर घडत होतं. चाळीस हजार बाटल्यांवरचं एक अक्षर त्यांना दिसलं आणि घरातलं हे दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"मग मंडळात सगळ्यांना कशाला सांगत होतात, वाचू नका म्हणून?"

"सगळे वाचायला लागले असते, तर न वाचणारा मी एकटाच उरलो असतो ना," तो म्हणाला.

बाईंनी पदर खोचला, त्या शिडीवरून आत उतरल्या आणि त्यांनी दुसरा ब्रश घेतला. टाकी दोघांनी मिळून धुतली. त्यातला निम्मा वेळ दीर नेहमीसारखा बोलत होता, एवढं बरं झालं.

गेलेली नाणी परत आली नाहीत. ती येत नाहीत. दिराला दुकानाची अर्धी जागा शेजारच्या चष्मेवाल्याला भाड्याने द्यावी लागली. कराराचा कागद घेऊन तो छापखान्यात आला. "तुम्ही वाचा आणि सांगा, वहिनी."

"मी नाही. तुम्ही वाचायचं." बाईंनी जाड पुठ्ठा घेतला, त्यात एका ओळीएवढी खाच कापली आणि ती कागदावर ठेवली. बाकीचा कागद झाकला गेला, एकच ओळ उघडी राहिली. "आता कुठे सरकतील?"

पाच पानांना अडीच तास लागले. दीर घामाघूम झाला. दोनदा म्हणाला, जाऊ दे. बाई चहा मागवत राहिल्या आणि स्वतःचं काम करत राहिल्या. शेवटची ओळ संपली तेव्हा तो खुर्चीला टेकला. "सगळं बरोबर आहे. एकही खोट नाही."

"माहीत आहे मला. मी मघाशीच नजर टाकली होती."

"मग मला अडीच तास कशाला राबवलंत?"

"आता तुम्हालाही माहीत आहे."

तो पुठ्ठा त्याने मागून घेतला. आता गिऱ्हाइकाचं बिलसुद्धा तो खाचेतून वाचतो. गिऱ्हाईक ताटकळतं, पण हलत नाही. बोलणं अजून तसंच चालू असतं. मुख्याध्यापक दुसऱ्या एका मंडळात गेले. तिथे नियमावली छापलेली नाही, यावर ते फार खूश आहेत.

आणि घड्याळजी? त्यांना वाचनाचा असा काही झटका आला आहे की सांगता सोय नाही. थोडी नाणी इकडची तिकडे करायची झाली तरी ते डोळ्याला भिंग लावतात, बाईंना समोर बसवतात आणि बेचाळीस अक्षरं सुरुवातीपासून म्हणतात. मध्येच शिंक आली तर पुन्हा पहिल्यापासून. मग कपडे धुण्याच्या पावडरीचं पाकीट, विजेच्या बिलाची मागची बाजू, गोळ्यांच्या खोक्यातली घडी घातलेली बारीक अक्षरांची चिठ्ठी. सगळं मोठ्याने. परवा जेवणं खोळंबली होती आणि यांचं सत्ताविसावं अक्षर चाललं होतं, तेव्हा चौतीस वर्षं जगाला 'आधी वाचा' म्हणून सांगणाऱ्या प्रूफबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, पुरे झालं, दाबा आता एकदाचं!"

घड्याळजींनी भिंग काढलं नाही. म्हणाले, "थांब. मधलं राहिलंय."